कोटींची धाव आणि घटलेले आयुष्य

ऑगस्ट १९५६ मध्ये मॉस्कोत ‘सोव्हिएत संघातील लोकांची स्पार्टाकियाड’ ही स्पर्धा पहिल्यांदा भरली. त्यासाठी मॉस्क्वा नदीकाठी लुझ्निकीचे प्रचंड स्टेडियम उभारले होते आणि ते उद्घाटनाच्या जेमतेम पाच-सहा दिवस आधी खुले झाले होते. अंतिम फेरीला नऊ हजारांहून अधिक खेळाडू आले. एकवीस क्रीडाप्रकार होते. प्रत्येक प्रजासत्ताकाचा संघ होता आणि मॉस्को व लेनिनग्राड या शहरांचे संघ वेगळे होते. सरकारने मात्र अभिमानाने सांगितला तो दुसराच आकडा. कारखाने, सामूहिक शेते, शाळा, जिल्हे आणि प्रजासत्ताके अशा पायऱ्यांनी झालेल्या प्राथमिक फेऱ्यांत दोन कोटींहून अधिक लोक उतरले होते. १९६७ च्या स्पर्धेपर्यंत हाच सरकारी आकडा आठ कोटींच्या पुढे गेला. म्हणजे तान्ह्या मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळ्यांना मोजले, तरी देशातला दर तिसरा माणूस स्पर्धेत उतरलेला!

आता दुसरा आकडा पाहू. १९६० च्या दशकाच्या मध्यास सोव्हिएत पुरुषाचे सरासरी आयुर्मान सुमारे ६६ वर्षे होते. १९८० च्या सुमारास ते ६२ च्या आसपास आले. युद्ध नाही, दुष्काळ नाही, मोठी साथ नाही. तरीही एका औद्योगिक देशातल्या पुरुषांचे आयुष्य पंधरा वर्षांत चार वर्षांनी घटले. त्याच काळात बालमृत्युदरही वाढू लागला, तेव्हा १९७० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने तो प्रसिद्ध करणेच थांबवले. खेळणाऱ्यांचा आकडा चढत होता आणि जगण्याचा उतरत होता. या दोन रेषा एकाच देशात, एकाच काळात विरुद्ध दिशांना कशा गेल्या, हे समजून घेणे आज आपल्याही उपयोगाचे आहे.

सुरुवातीचा हेतू खोटा नव्हता, हे आधी मान्य करायला हवे. रोमन सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्या स्पार्टाकस या गुलामाच्या नावावरून स्पर्धेचे नाव पडले. १९२८ च्या ऑगस्टमध्ये, अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिक संपत असतानाच, मॉस्कोत पहिली मोठी अखिल-संघीय स्पार्टाकियाड झाली. तिच्यात सात हजारांहून अधिक खेळाडू उतरले आणि त्यांत परदेशी कामगार संघटनांचे खेळाडूही होते. ऑलिम्पिक हा धनिकांचा आणि निवडक खेळाडूंचा सोहळा आहे, आपला खेळ कष्टकऱ्यांचा असेल, अशी त्यामागची भूमिका होती. सोव्हिएत संघ ऑलिम्पिकमध्ये उतरला तो थेट १९५२ साली, हेलसिंकीत.

१९३१ मध्ये ‘श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज’ ही शारीरिक क्षमतेची चाचणी सुरू झाली. धावणे, उडी, पोहणे, बर्फावरचे स्कीइंग, नेमबाजी आणि हातबॉम्ब फेकणे यांचे निकष ठरले. ते पार करणाऱ्याला बिल्ला मिळे. १९७२ मध्ये या चाचण्यांची फेररचना होऊन दहा ते साठ वर्षांपर्यंतच्या सर्वांसाठी वयोगटांनुसार निकष आले. कारखान्यांत कामाच्या मध्यंतरात कवायत होऊ लागली, कामगार संघटनांचे क्रीडासंघ उभे राहिले, आणि दूरच्या प्रजासत्ताकांतल्या मुलींनाही मैदानावर उतरण्याची संधी मिळाली. कल्पना अशी होती की पाया रुंद असेल तर शिखर आपोआप उंच होईल. कोट्यवधी लोक खेळतील, त्यांतून हजारो चांगले खेळाडू निघतील आणि त्यांतून काही विश्वविजेते होतील. निरोगी जनता आणि पदके ही एकाच झाडाची फळे ठरतील.

प्रत्यक्षात शिखर उंच झाले. पहिल्या स्पार्टाकियाडनंतर काही महिन्यांतच मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने ३७ सुवर्णपदके जिंकली आणि अमेरिकेला मागे टाकले. १९५९ मध्ये दुसरी स्पार्टाकियाड झाली. त्यानंतर १९६३ पासून १९८३ पर्यंत दर चार वर्षांनी, ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी, ही स्पर्धा होत राहिली. यावरून तिचे खरे काम काय झाले ते उघड होते. ती ऑलिम्पिक संघ निवडण्याची चाळणी झाली. १९७९ च्या स्पर्धेत तर परदेशी खेळाडूंनाही बोलावले गेले, कारण पुढच्या वर्षीच्या मॉस्को ऑलिम्पिकची ती रंगीत तालीम होती.

मग पायाचे काय झाले? वरून उद्दिष्ट आले की खालून ते पूर्ण झाल्याचा अहवाल जातोच. अमुक कारखान्यातून इतके बिल्ले, तमुक जिल्ह्यातून इतके स्पर्धक, असा कोटा ठरला की कागद भरले जाऊ लागले. अशा फुगवलेल्या नोंदींसाठी रशियन भाषेत ‘प्रिपिस्की’ हा खास शब्दच आहे. तो शेतीच्या उत्पादनालाही लागू होता आणि शारीरिक क्षमतेच्या बिल्ल्यांनाही. गोर्बाचेव्ह यांच्या काळात वृत्तपत्रांना थोडी मोकळीक मिळाली, तेव्हा या कागदी खेळाडूंवर सोव्हिएत पत्रकारांनीच टीका केली. शिवाय एखाद्या कामगाराने वर्षातून एकदा कारखान्याच्या शर्यतीत भाग घेतला, तर तो आकड्यात येतो; त्याच्या हृदयात मात्र त्याने काही फरक पडत नाही.

शरीराचा हिशेब वेगळ्या पद्धतीने चालतो. व्यायामाने हृदय आणि स्नायूंची जी क्षमता वाढते, ती व्यायाम थांबवल्यावर काही आठवड्यांतच ओसरू लागते. शरीरात तिची मुदत ठेव ठेवता येत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते, आणि ती आठवड्यागणिक, वर्षानुवर्षे करायची असते. व्यायाम आणि हृदयरोग यांचे नाते दाखवणारा एक गाजलेला पुरावा तर स्टेडियममधून आलाच नाही. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे कर्मचारी तपासले. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. त्या कंडक्टरांनी कोणतीही स्पर्धा जिंकली नव्हती; त्यांचे रोजचे काम त्यांना हलते ठेवत होते.

सोव्हिएत पुरुषांच्या आयुष्याला लागलेली गळती भरायला नुसती हालचालही पुरेशी नव्हती. मृत्यूंमागे हृदयविकार, अपघात आणि विषबाधा होती, आणि या सगळ्यांच्या मागे व्होडका आणि सिगारेट होती. याचा दाखला १९८५ मध्ये मिळाला. त्या वर्षी मे महिन्यात गोर्बाचेव्ह सरकारने दारूचे उत्पादन आणि विक्री यांवर कडक निर्बंध घातले. मोहीम लोकांना आवडली नाही, हातभट्टी फोफावली, महसूल बुडाला आणि काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. पण तेवढ्या अल्प काळात पुरुषांचे सरासरी आयुर्मान दोन ते तीन वर्षांनी वाढले, आणि बहुतेक अभ्यासक त्याचे मोठे श्रेय दारूवरच्या निर्बंधांना देतात. तीन दशकांच्या क्रीडामहोत्सवांना जे जमले नाही, ते एका अप्रिय धोरणाने दोन वर्षांत केले. याचा अर्थ खेळ निरुपयोगी आहे असा नाही. खेळ भरवणे सोपे आणि लोकप्रिय असते, म्हणून सरकारे त्याच्या आड अवघड कामे टाळू शकतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पूर्व जर्मनीने तर हीच पद्धत मुलांवर वापरली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे ‘बाल आणि युवा स्पार्टाकियाड’ सुरू झाल्या. शाळा, जिल्हा आणि शेवटी देशपातळी अशी त्यांची चढण होती. १९७३ पासून देशभर एकसमान निवड पद्धत आली. पहिली आणि तिसरीतल्या मुलांची उंची, वजन आणि चपळाई मोजून कोण कोणत्या खेळाला योग्य ते ठरू लागले. निवडलेली मुले खास क्रीडाशाळांत जात. जेमतेम पावणेदोन कोटी लोकसंख्येच्या या देशाने १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये ४० सुवर्णपदके मिळवली. अमेरिकेला ३४ मिळाली.

या यशाची किंमत दोन जागी चुकती झाली. १९६९ मध्ये पूर्व जर्मनीच्या क्रीडा नेतृत्वाने खेळांची दोन गटांत वाटणी केली. ज्यांत पदके भरपूर मिळतात त्यांना पैसा, बाकीच्यांना नाही. बास्केटबॉल, वॉटर पोलो, टेनिस, हॉकी यांसारखे खेळ मागे पडले. मोठा संघ पोसून एकच पदक मिळते, हे हिशेबात बसत नव्हते. आइस हॉकीची अव्वल लीग तर दोनच संघांची उरली. माणसे मित्रांबरोबर आवडीने खेळतात ते खेळ नेमके हेच असतात.

दुसरी किंमत खेळाडूंच्या शरीरांनी मोजली. १९७४ पासून सरकारी योजनेनुसार हजारो खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांच्या जातीची औषधे दिली गेली. त्यांत पौगंडावस्थेतल्या मुली होत्या, आणि अनेकींना ती जीवनसत्त्वांची गोळी म्हणूनच मिळे. घोगरा झालेला आवाज, यकृताचे विकार, संप्रेरकांचे बिघाड हे त्यांच्यापैकी अनेकींच्या पदरी पडले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तेव्हाचे क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरवले. पुढे एकत्रित जर्मनीने पीडित खेळाडूंना मदत देण्यासाठी कायदा केला.

लहान वयात निवड करण्यात आणखी एक वैज्ञानिक अडचण आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांत जो जिंकतो तो बऱ्याचदा अधिक गुणी नसतो. तो शरीराने फक्त लवकर वाढलेला असतो. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळपास वर्षभराने मोठे असते, आणि त्या वयात वर्ष म्हणजे फार मोठे अंतर. उशिरा वाढणारी मुले ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ असे समजून बाहेर पडतात. गाळले गेलेले मूल पुढे पन्नास वर्षे जगणार असते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने निवडलेल्या एका मुलापेक्षा गाळली गेलेली नव्याण्णव अधिक महत्त्वाची आहेत. स्पार्टाकियाडच्या कोष्टकांत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

हा सगळा इतिहास आपल्यासाठी परका राहत नाही. २०१८ मध्ये दिल्लीत ‘खेलो इंडिया’ शालेय स्पर्धा सुरू झाल्या, २०१९ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत युवा स्पर्धा झाल्या आणि महाराष्ट्र पदकतालिकेत पहिला आला. आनंदाचीच गोष्ट होती ती. अशा स्पर्धांमुळे लहान गावांतल्या मुलांना वाट मिळते, आणि आपल्याकडची व्यवस्था पूर्व जर्मनीसारखी सक्तीची नाही. पण २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे. मधुमेह आणि हृदयविकाराच्या ओझ्याखाली आलेल्या देशात हा आकडा पदकतालिकेइतकाच ठळकपणे छापला जायला हवा.

आपण काय मोजतो त्यावर आपण काय करतो हे ठरते. स्पर्धेत किती मुलांनी नाव नोंदवले, अ‍ॅपवर किती जणांनी खाते उघडले, किती जण एका दिवशी एकत्र धावले, हे आकडे गोळा करायला सोपे आहेत आणि ते फुगतातही पटकन. त्याऐवजी किंवा निदान त्यांच्या जोडीने काही साधे प्रश्न दरवर्षी विचारले पाहिजेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी मैदान हा निकष आहे. किती शाळांना ते खरोखर आहे आणि किती ठिकाणी त्यावर वाहने उभी असतात? शारीरिक शिक्षणाचा तास दहावीच्या वर्षातही होतो की गणिताला दिला जातो? जिल्हा स्पर्धेत हरलेले मूल दोन वर्षांनी अजून खेळते का? चाळिशीतल्या बाईला संध्याकाळी अर्धा तास निर्धास्त चालता येईल असा फुटपाथ तिच्या घराजवळ आहे का? आणि तंबाखू-दारूबाबतचे अप्रिय निर्णय क्रीडामहोत्सवाच्या झगमगाटात मागे तर पडत नाहीत ना?

पालकांनाही यात करण्यासारखे आहे. मुलाची निवड झाली नाही म्हणून त्याचे मैदान बंद करू नका. ते खेळायला त्याच दिवशी संध्याकाळी परत पाठवा. सोव्हिएत संघाची शेवटची स्पार्टाकियाड १९९१ मध्ये झाली आणि त्याच वर्षाअखेर तो देशही नकाशावरून गेला. विक्रमांच्या याद्या उरल्या, पण आरोग्य अशा यादीत साठवून ठेवता येत नाही. ते दर आठवड्याला नव्याने कमवावे लागते, आणि त्यासाठी आधी दाराबाहेर पाय टाकायला जागा लागते.