विश्लेषण : शनिवार-रविवारचा पाऊस आणि घाटवाटा, हवामानाचा इशारा कसा वाचायचा?

पावसाळ्यात शुक्रवारची संध्याकाळ झाली की पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक येथून हजारो पावले सह्याद्रीकडे वळतात. हरिहर, कळसूबाई, राजमाची, ताम्हिणी, लोणावळा येथे गर्दी होते. निघण्यापूर्वी मोबाइलवर हवामान पाहण्याची सवयही आता बऱ्याच जणांना लागली आहे. पण अपघात थांबलेले नाहीत. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच रविवारी, ७ जुलैला, रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले आणि पर्यटक अडकून पडले. अंदाज मिळत नाही, अशी आज स्थिती नाही. तो कोणत्या जागेचा आहे आणि किती तासांचा आहे, हे समजून घेण्यात मात्र गल्लत होते.

इशारा शहराचा की घाटाचा?

भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय इशारे चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांच्या घाट परिसराचा उल्लेख या इशाऱ्यांत स्वतंत्रपणे केला जातो. त्यामुळे पुणे शहरासाठी पिवळा आणि त्याच दिवशी पुणे जिल्ह्याच्या घाट परिसरासाठी लाल इशारा असू शकतो. शहरात राहणारा माणूस मोबाइलवर शहराचे हवामान पाहतो आणि जातो मात्र घाटात. दुसरीकडे, रायगडसारख्या कोकणातील जिल्ह्यात अलिबागचा किनारा आणि सह्याद्रीच्या कड्याचा पायथा एकाच रंगाखाली येतात. तेथे नारिंगी इशारा दिसला तर किनाऱ्यापेक्षा कड्याजवळ जास्त पाऊस होईल, असे धरूनच बेत आखायला हवा.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडा पाऊस का?

सर्वाधिक गैरसमज या शब्दांबद्दल आहे. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ हे वाचून अनेकांना पाऊस तुरळक पडेल असे वाटते. हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक’ हा शब्द पावसाच्या जोराचा नसून त्याच्या व्याप्तीचा आहे. परिसरातील २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’ असे म्हटले जाते. जोर वेगळ्या मोजमापाने ठरतो. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. म्हणजे पाऊस मोजक्याच ठिकाणी होईल, पण जेथे होईल तेथे झोडपून काढेल. घाट परिसरात ही मोजकी ठिकाणे बहुधा कड्यालगतचीच असतात, आणि डोंगरवाटाही तेथूनच जातात.

यातील ‘२४ तासांत’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. ११५ मिलिमीटर पाऊस दिवसभर संथपणे पडला तर ताशी ५ मिलिमीटरही भरत नाही. तोच दोन-तीन तासांत कोसळला तर ओढ्याची नदी होते. रंग पाहून यातले नेमके काय घडणार, हे कळत नाही.

कड्यावर पाऊस जास्त का?

अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला आडवे येऊन थडकतात. कोकणच्या सपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीची ही भिंत त्यांना अल्प अंतरात वर ढकलते. वर जाताना हवा थंड होते, बाष्पाचे ढग होतात आणि पश्चिम उतारावर व माथ्यालगत पाऊस ओतला जातो. माथा ओलांडला की तो झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. थोड्याच अंतरावर असलेल्या वाईला त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. म्हणजे काही किलोमीटरने चित्र पालटते. अंदाज वर्तवणारी संगणकीय प्रारूपे मात्र जमीन चौकटींत विभागून गणित मांडतात. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची चौकट सहा किलोमीटरची आहे. पूर्वीच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे, तरीही एखादी घळ किंवा सुळका त्या चौकटीत दिसत नाही. मोबाइलवरील ढगाचे चित्र हा त्या चौकटीचा अंदाज असतो, विशिष्ट धबधब्याचा नव्हे.

उंचीबरोबर तापमानही दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी उतरते. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर भिजलेल्या कपड्यांत, वाऱ्यात तासभर थांबलेल्या माणसाला हुडहुडी भरणे, बोबडी वळणे हे केवळ थंडी वाजण्याचे प्रकार नाहीत. शरीराचे तापमान घसरू लागल्याची ती खूण आहे. अशा वेळी माथ्याचा हट्ट सोडून त्या व्यक्तीला आडोशाला नेणे, कोरडे कपडे देणे आणि खाली उतरवणे हाच मार्ग.

पाऊस नसतानाही ओढा का वाढतो?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. धबधब्याच्या वर दोन चौरस किलोमीटरचे पठार असेल आणि त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा कोटी लिटर पाणी जमा होते. जुलैपर्यंत माती भिजून तृप्त झालेली असते आणि कातळ पाणी शोषत नाही. त्यामुळे यातील बराचसा भाग लगेच खाली धावतो. खाली डोहात उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर या काळात ऊन पडलेले असू शकते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या-पाने वाहत येणे, आवाज वाढणे या खुणा दिसताच सामान सोडून उंच जागी जायचे असते. फोटो काढण्याइतकाही वेळ मिळेलच, याची खात्री नसते. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेला लागू शकतो, हे गृहीत धरून वाट निवडायला हवी.

मागच्या आठवड्याचा पाऊस का पाहायचा?

दरड त्या दिवशीच्या सरीने कोसळतेच असे नाही. सलग पावसाने मातीत पाणी भरत जाते, तिची पकड सुटते आणि मग एखादी सर निमित्त ठरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी गाडली गेली, त्याआधीही तेथे जोराचा पाऊस सुरूच होता. म्हणून सोमवार ते शुक्रवार झोडपून शनिवारी उघडीप मिळाली, तर तो दिवस सुरक्षितच असेल असे नाही. दगड सुटलेले असतात, कातळावर शेवाळ असते, वाटेच्या कडा पोकळ झालेल्या असतात. हंगामाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात, धोका विजांचा. तेव्हा सकाळ निरभ्र असली तरी दुपारनंतर ढग उभे राहतात. त्या काळात दुपारपूर्वी माथा सोडलेला बरा.

अंदाज कधी पाहायचा?

बुधवारी-गुरुवारी पाहिलेला अंदाज जायचे की नाही याचा कल ठरवण्यापुरता. शुक्रवारी संध्याकाळी घाट परिसराचा रंग पुन्हा पाहावा. लाल असेल तर बेत रद्द. नारिंगी असेल तर कडा, घळ, धबधबा आणि ओढा ओलांडावा लागेल अशी वाट टाळावी. निघण्याच्या दिवशी पुढील तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचे ‘दामिनी’ अॅप उपयोगी पडते. पण डोंगरात रेंज जाते. म्हणून परत फिरण्याची वेळ आणि जागा पायथ्यालाच ठरवावी, घरी कळवावी. आणखी एक माहिती कोणत्याही अॅपवर नसते: रात्री वर किती कोसळला आणि ओढा कसा आहे. ती पायथ्याच्या गावात एका फोनवर मिळते.

बंदीने प्रश्न सुटतो का?

अपघातानंतर जिल्हा प्रशासन प्रतिबंधात्मक आदेश काढते आणि ठिकाणे बंद होतात. तातडीचा उपाय म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण सरसकट बंदी उघडिपीच्या दिवशीही लागू राहते आणि लोक आडवाटेने, वाटाड्याशिवाय, अधिक धोका पत्करून जातात. पायथ्याच्या गावांचे जेवण, मुक्काम, वाटाडे यांवर मिळणारे चार महिन्यांचे उत्पन्नही त्यात बुडते. कोणी अडकले की दोर घेऊन आधी धावतात ती याच गावांतील माणसे आणि लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक.

ठिकाण खुले की बंद, हे घाट परिसराच्या त्या दिवशीच्या इशाऱ्याशी जोडले तर बंदीला अर्थ येईल. शेतीसाठी राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. गर्दीच्या धबधब्यांच्या वरच्या पठारांवर अशी काही केंद्रे बसवणे, त्यांचा आकडा वन विभागाच्या नाक्यावर फळ्यावर लिहिणे आणि ठरावीक पातळी ओलांडताच लोकांना खाली बोलावण्याचा अधिकार स्थानिक वाटाड्यांना देणे, हे अशक्य काम नाही. तोवर शुक्रवारी रात्री पायथ्याच्या गावात फोन लावावा आणि तिकडून ‘येऊ नका’ असे उत्तर आले, तर ते ऐकावे.