कुलूप कोणी लावावयाचे?

जुलै २०२५ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया येथून एका फ्लाइंग क्लबचे 'सेस्ना १७२' जातीचे लहानसे विमान प्रशिक्षकाला धमकावून पळविण्यात आले व ते थेट व्हँकूव्हरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरविण्यात आले. काही काळ तेथील मोठ्या विमानांची ये-जा खोळंबली; प्राणहानी झाली नाही; एका इसमास अटक झाली आणि चार दिवसांत ही बातमी मागे पडली. परंतु व्हिक्टोरियाच्या समोर, चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडे अमेरिकेची सान हुआन बेटे आहेत. तेथील रहिवाशांना ही बातमी वाचून पंधरा वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणाची आठवण झाली असेल, तर त्यात नवल नाही. त्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न आजही सुटलेला नाही, एवढाच त्या आठवणीचा अर्थ.

ते प्रकरण कोल्टन हॅरिस-मूर या मुलाचे. १९९१ साली जन्मलेला हा मुलगा वॉशिंग्टन राज्यातील कमानो बेटावर एका फिरत्या घरात, म्हणजे 'ट्रेलर'मध्ये, वाढला. वयाच्या बाराव्या वर्षी चोरीचा माल बाळगल्याबद्दल त्याला पहिली शिक्षा झाली. पुढे घरफोड्यांपायी तो बालगुन्हेगारांच्या कोठडीत गेला आणि तेथून ज्या सुधारगृहात त्याला ठेवण्यात आले, तेथून एप्रिल २००८ मध्ये तो निघून गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑर्कस बेटावरील धावपट्टीवरून 'सेस्ना १८२' जातीचे एक विमान नाहीसे झाले व यकामा आदिवासींच्या राखीव प्रदेशात मोडलेल्या अवस्थेत सापडले. विमान चालविण्याचे रीतसर शिक्षण या मुलाने कधीच घेतले नव्हते. पुस्तिका वाचून आणि संगणकावरील सरावाच्या खेळांतून जे कळले, त्याच्या बळावर त्याने विमान आकाशात नेले. सप्टेंबर २००९ मध्ये आणखी दोन विमाने गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये, व्हँकूव्हरची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना, चौथे गेले. अखेर ४ जुलै २०१० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथून पाचवे विमान उडाले. सोळाशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून ते बहामा बेटांतील अबाकोच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात आदळले. आठवडाभराने, ११ जुलै रोजी, तेथील पोलिसांनी त्याच्या पळत्या बोटीचे इंजिन गोळ्यांनी निकामी करून त्याला पकडले. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता.

काही चोऱ्यांच्या ठिकाणी अनवाणी पावलांचे ठसे उमटलेले आढळल्याने वृत्तपत्रांनी त्याला 'अनवाणी चोर' असे नाव दिले. त्याच्या नावाचे सदरे विकले गेले, हजारो चाहते जमले. या कौतुकात ज्यांची विमाने मोडली, ज्यांची दुकाने व घरे फुटली, ती साधी माणसे मात्र कोणाला दिसली नाहीत. त्यांचा विचार पुढे येईलच. प्रथम सरकारपुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नाकडे वळू.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने विमानतळांच्या सुरक्षेसाठी पाण्यासारखा पैसा ओतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा करून वाहतूक सुरक्षा प्रशासन हे नवे खाते उभारले गेले. प्रवाशाचे जोडे उतरविण्यापासून त्याच्या पाण्याच्या बाटलीपर्यंत सर्व गोष्टींची झडती सुरू झाली. अशा देशात एका पोरसवदा फरारी मुलाने दोन वर्षांत पाच विमाने पळवावीत, हे कसे घडले? उत्तर सरळ आहे. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत; प्रवाशांची सरकारी झडती होते ती त्यांपैकी साडेचारशेच्या आसपास ठिकाणी. उरलेल्या बहुतेक जागी एक धावपट्टी, काही हँगर, पेट्रोलचा पंप आणि क्वचित एखादे तारेचे कुंपण, एवढाच संसार असतो. रात्री तेथे चिटपाखरूही नसते. विमान पत्र्याच्या हँगरमध्ये असते, त्याचे कुलूप गोदामाच्या कुलपापेक्षा भारी नसते आणि कित्येकदा विमानाची किल्लीही तेथेच कोठेतरी ठेवलेली असते. मोटारीची किल्ली खिशात घालून झोपणारा गृहस्थ मोटारीच्या अनेक पट किमतीच्या विमानाबाबत इतका निर्धास्त का असतो, हाच खरा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

यावर एक पक्ष म्हणतो, या लहान विमानांचा एवढा बाऊ कशाला? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. 'सेस्ना १८२'चे भरलेले वजन जेमतेम चौदाशे किलो. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळलेल्या प्रत्येक विमानात सुमारे दहा हजार गॅलन इंधन होते. या विमानात शंभर गॅलनही मावत नाही. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसे मारणारा स्फोट एका भाड्याच्या ट्रकमधून झाला आणि त्यात दोन टनांहून अधिक स्फोटके होती. एवढे ओझे या विमानाला उचलणेच अशक्य. १९९४ मध्ये एका इसमाने चोरलेले 'सेस्ना' व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आदळले, तेव्हा तो एकटाच मेला. जानेवारी २००२ मध्ये टँपा शहरात पंधरा वर्षांच्या एका शिकाऊ मुलाने विमान उंच इमारतीवर घातले. तेथेही बळी त्या मुलाचाच गेला. मात्र फेब्रुवारी २०१० मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका करदात्याने स्वतःच्याच लहान विमानाने करखात्याच्या कचेरीवर धडक दिली, तेव्हा त्याच्याबरोबर एका निरपराध कर्मचाऱ्याचाही प्राण गेला. तात्पर्य, धोका मर्यादित आहे. पण तो शून्य नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक धावपट्टीभोवती भिंत उभारा, पहारेकरी नेमा, कॅमेरे लावा. हा उपाय पैशाच्या हिशेबात बसत नाही, हा त्याचा एक दोष. पाच हजार धावपट्ट्यांवर आठही प्रहर पहारा ठेवावयाचा, तर त्यांतील कितीतरी धावपट्ट्या त्या खर्चाखालीच बंद पडतील; आणि दूरच्या बेटावरच्या किंवा डोंगराळ मुलखातल्या वस्तीला त्याच धावपट्टीवरून औषध, टपाल आणि आजारी माणसाची ने-आण होत असते. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. भिंत बाहेरच्याला अडविते, आतल्याला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये सिॲटलच्या भव्य विमानतळावरून शहात्तर आसनांचे रिकामे विमान एका माणसाने पळविले व ते केट्रॉन बेटावर कोसळून तो मरण पावला. तो तेथलाच, विमाने ओढण्याचे काम करणारा कर्मचारी होता. त्याच्यापाशी रीतसर ओळखपत्र होते. सप्टेंबर २०२२ मध्ये मिसिसिपीतील टुपेलो येथे विमानांत इंधन भरणाऱ्या एका नोकरानेच विमान उडविले व ते एका दुकानावर पाडण्याची धमकी दिली. सुदैवाने ते शेतात उतरले. या दोन्ही ठिकाणी कुंपणाचा काडीइतका उपयोग झाला नाही.

मग मार्ग कोणता? येथे अर्थशास्त्रातील एक साधा विचार उपयोगी पडतो. विमानाचा मालक सुरक्षेवर किती खर्च करील? विमान गेल्यास स्वतःचे जेवढे नुकसान होईल, त्या बेताने. परंतु विमानाचा विमा उतरविलेला असतो. त्यामुळे त्याचे स्वतःचे नुकसान आटोक्यात राहते. त्या विमानामुळे तिसऱ्याच कोणाच्या घरावर संकट कोसळले, आकाशात लढाऊ विमाने पाठवावी लागली, पोलिसांना रानोमाळ शोध घ्यावा लागला, तर तो खर्च मालकाच्या हिशेबवहीत कोठेच चढत नाही. तो समाजाच्या खाती पडतो. आपल्या बेफिकिरीची किंमत दुसऱ्याने द्यावयाची असली, की माणूस बेफिकीर राहतो. त्यासाठी त्याने दुष्ट असण्याची गरज नाही. कुलूप महाग आहे म्हणून लावले जात नाही, असे मुळीच नाही. ज्याने ते लावावयाचे, त्याला त्याचा लाभ दिसत नाही, म्हणून ते लावले जात नाही.

अशा वेळी सरकारने मालकाच्या हिशेबात तो लाभ दिसावा, अशी व्यवस्था करावयाची असते. न्यू जर्सी राज्याने २००३ मध्ये एक नियम केला: चोवीस तासांहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या विमानाला दोन कुलपे असलीच पाहिजेत. एक हँगरला, दुसरे विमानाच्या पंख्याला किंवा सुकाणूला. याला अब्जावधी डॉलर लागत नाहीत आणि नव्या खात्याचीही गरज पडत नाही. आतला माणूस फिरला, तरी दुसऱ्या कुलपाची किल्ली त्याच्या हाती नसते. परंतु देशभर मात्र केंद्रीय खात्याने २००४ मध्ये लहान विमानतळांसाठी जी सूत्रे काढली, ती केवळ शिफारशीची राहिली. २००८ मध्ये मोठ्या खाजगी विमानांना कडक नियम लावण्याचा प्रस्ताव आला, तोही साडेबारा हजार पौंडांवरील, म्हणजे साडेपाच टनांहून जड विमानांसाठी. त्यावर हरकतींचा पाऊस पडला व तो बारगळला. तो अमलात आला असता तरी अनवाणी चोराने नेलेले एकही विमान त्याच्या कक्षेत येत नव्हते. शिफारशीऐवजी सक्ती, आणि सक्तीला विम्याच्या अटींची जोड, म्हणजे कुलूप नसल्यास भरपाई नाही, एवढे केले तरी पुष्कळ काम होईल.

मात्र या प्रकरणाची दुसरी बाजू हँगरच्या दाराशी संपत नाही. न्यायालयापुढे त्या मुलाच्या बालपणाची जी हकिगत आली, ती दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची, उपासमारीची आणि उपेक्षेची होती. बालसंरक्षण खात्याकडे त्याच्याविषयी अनेकदा तक्रारी गेल्या होत्या. म्हणजे शेजाऱ्यांना दिसत होते, शासनालाही ठाऊक होते; कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि मुलगा आहे तेथेच राहिला. शाळा सोडलेले मूल हाताळावयास स्वस्त वाटते, कारण त्याच्यावरील खर्च न करण्याचे श्रेय आजच्या अंदाजपत्रकाला मिळते आणि त्याचे परिणाम दहा वर्षांनंतरच्या अंदाजपत्रकावर जातात. परिणाम आले तेव्हा काय झाले? अनेक राज्यांचे पोलीस, केंद्रीय तपास यंत्रणा, दहा हजार डॉलरांचे बक्षीस, परदेशातील पाठलाग, दोन न्यायालयांतील खटले आणि मोडलेली विमाने! डिसेंबर २०११ मध्ये राज्याच्या न्यायालयाने त्याला सात वर्षांहून अधिक आणि जानेवारी २०१२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने साडेसहा वर्षे, अशा एकत्र भोगावयाच्या शिक्षा दिल्या. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण हँगरला जशी लागू पडते, तशीच त्या घरालाही.

याचा अर्थ गुन्हेगाराला निर्दोष ठरवावे, असा नव्हे. दरिद्री घरांतील लाखो मुले चोरी न करता वाढतात. त्यांच्या सचोटीचा हा अपमान होईल. न्यायालयाने बालपणाची दखल घेतली व तरीही शिक्षा दिली, हे योग्यच झाले. त्याच्या जीवनकथेच्या हक्कांपोटी एका चित्रपट कंपनीने देऊ केलेली तेरा लाख डॉलरांपर्यंतची रक्कम त्याच्या हाती न जाता नुकसान झालेल्यांच्या भरपाईसाठी बांधून देण्यात आली, हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. ज्यांना चाहते विसरले होते, त्यांची न्यायालयाने आठवण ठेवली. २०१६ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला.

आपल्याकडे खाजगी विमानांचा असा सुळसुळाट नाही, म्हणून हा प्रश्न परका समजण्याचे कारण नाही. आपली विमानतळ-सुरक्षा अपहरणांच्या अनुभवातून घडली. १९७६ च्या अपहरणानंतर १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा कक्ष निघाला. १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर २००० पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे विमानतळ सोपविण्यास आरंभ झाला. या साऱ्याचा रोख प्रवाशावर आहे, आणि तो असावयासच हवा. परंतु २०१७ पासून 'उडान' योजनेखाली लहान गावांच्या धावपट्ट्या जाग्या होत आहेत आणि गोंदिया-धुळ्यासारख्या ठिकाणी तरुण मुले विमानचालन शिकत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. जेथे प्रवासी थोडे आणि शिकाऊ विमाने अधिक, तेथे रात्री किल्ली कोणाजवळ असते, कुलपे किती असतात आणि नोंदवहीवर सही कोणाची असते, हे प्रश्न आताच विचारले तर त्यांची उत्तरे स्वस्तात मिळतील. अपघातानंतर चौकशी समितीने ते विचारावयाचे ठरविले, तर त्याची किंमत वेगळी असेल.

सुरक्षेचा खर्च नेहमी भीतीच्या मागे धावतो आणि भीती नेहमी कालच्या घटनेची असते. त्यामुळे जेथे काल स्फोट झाला तेथे आज तोफा उभ्या राहतात आणि शेजारचे दार सताड उघडे राहते. पाच विमाने गेली, त्यांत सुदैवाने एकही माणूस मेला नाही. पण म्हातारी मेल्याचे दुःख नसले तरी काळ सोकावतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दोन कुलपांचा नियम आणि बारा वर्षांच्या मुलाच्या तक्रारीची वेळीच घेतलेली दखल, या दोन्ही गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. त्यांना मते मिळत नाहीत, त्यांच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत, एवढाच त्यांचा दोष. हा दोष पोटात घालून त्या करावयाच्या की नाहीत, हे राज्यकर्त्यांइतकेच त्यांना निवडून देणाऱ्या आपणा सर्वांनाही ठरवावयाचे आहे.