पी.पी. नंबरचे दिवस आणि आपला धंदा

गेल्या पौर्णिमेला कल्याण पूर्वेच्या एका विहारात वंदना आटोपून चहापाणी चालले होते. पोळी-भाजीचे डबे पुरविणाऱ्या एका ताईंनी आम्हांला विचारले, "दादा, धंद्यासाठी नवा फोन नंबर घ्यायचाय. कोणत्या कंपनीचा घेऊ? स्वस्त कुठला पडेल?"

आम्ही विचारले, "मग जुन्या नंबरचे काय झाले?"

त्यावर ताईंनी जी हकीकत सांगितली, ती आपल्या अनेक घरांत घडण्यासारखी आहे. म्हणून आजचे सदर तिच्यासाठीच.

ताईंनी सात वर्षांपूर्वी डबे सुरू केले, तेव्हा भाच्याने स्वतःच्या कागदपत्रांवर एक सिमकार्ड आणून दिले. तोच नंबर पाटीवर रंगविला, तोच हँडबिलांवर छापला. पाहता पाहता चाळीस डबे झाले. मागच्या वर्षी लोकलच्या गर्दीत फोन चोरीला गेला. ताई दुसरे सिम मागायला गेल्या, तर काउंटरवर सांगितले, "ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांनी ओळखपत्र घेऊन यायला हवे." भाचा तेव्हा नोकरीसाठी आखाती देशात होता. तो येईतो रिचार्जची मुदत उलटली, नंबर बंद पडला. पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळाला. आता जुनी गिऱ्हाइके फोन करतात ती एका परक्या माणसाला. तो बिचारा "राँग नंबर" म्हणून फोन ठेवतो. चाळीस डब्यांचे बावीस झाले.

यात कंपनीचा दोष म्हणावा तर तिने नियम पाळला. भाच्याचा म्हणावा तर त्याने उपकारच केला होता. चूक इतकीच झाली, की धंदा ताईंचा, घाम ताईंचा, पण नंबर ताईंचा नव्हता.

आमच्या पिढीला हे ऐकून पी.पी. नंबरचे दिवस आठवतील. त्या काळी टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आपल्या वस्तीत फोन असायचा तो किराणा दुकानदाराकडे, नाहीतर एखाद्या सरकारी अधिकाऱ्याकडे. लग्नपत्रिकेवर, इलेक्ट्रिशियनच्या कार्डावर तोच नंबर छापायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचे. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. दुकानदाराची मर्जी असली तर पोरगा धावत बोलवायला येई. मर्जी नसली तर "ते घरात नाहीत" एवढ्यावर भागे. त्यात किती कामे हुकली, किती मुलाखतींचे निरोप पोचलेच नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. स्वतःच्या धंद्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असणे म्हणजे काय, हे आपल्या माणसांना वेगळे शिकवावे लागत नाही.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन मोफत झाले, तेव्हा कुठे प्लंबर, रिक्षावाला, भाजीवाली यांच्या हाती हे यंत्र आले. २०१६ साली इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याच वर्षी यूपीआयही आले. आज बँकेचा ओटीपी, जीएसटीचा ओटीपी, उद्यम नोंदणी, गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाल्याचा संदेश, सारे एका नंबरावर येते. नंबर गेला की नुसता फोन जात नाही, दुकानाची किल्लीच जाते.

म्हणून ताईंना आम्ही कंपनीचे नाव सांगितले नाही. आधी एकच विचारले, "नंबर कोणाच्या नावावर घेणार?" ताई सहज म्हणाल्या, "ह्यांच्या."

येथे थोडे थांबायला हवे. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली उपेक्षा हे एक मोठे कारण होते. स्त्रीच्या नावावर मालमत्ता असावी, तिचा हक्क कागदावर असावा, यासाठी ते झगडले. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि बायकोच्या धंद्याचा नंबर मात्र नवऱ्याच्या, मुलाच्या, भाच्याच्या नावावर घेतो! नवरा चांगलाच असेल, प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाही. जो राबतो त्याच्या नावावर त्याच्या धंद्याचा नंबर असावा, हा साधा न्याय आहे. आजच ज्यांचा नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल त्यांनी, तो माणूस जवळ आहे तोवर, दोघांची ओळखपत्रे घेऊन कंपनीच्या गॅलरीत जावे आणि नावबदलाची चौकशी करावी. माणूस दूर गेल्यावर किंवा वारल्यावर हेच काम दहापट कठीण होते.

आता सेवा कोणती निवडावी, हा ताईंचा मूळ प्रश्न.

पहिली परीक्षा रेंजची. जाहिरातीत सगळीकडे रेंज असते, आपल्या गाळ्यात मात्र नसते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एका गल्लीत फोन खणखणीत लागतो आणि शेजारच्या चाळीच्या तळमजल्यावर आवाज तुटतो. म्हणून आजूबाजूच्या दुकानदारांना विचारावे. दोघा-तिघांकडून वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागून आपल्या ओट्याशी, जिथे बसून काम करतो तिथे, लावून पाहावेत. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीच्या वेळी. जो फोन त्या वेळी लागतो, तोच आपला.

दुसरी परीक्षा खर्चाची. बहुतेक रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचे असतात. आपण 'महिना' समजून बारा वेळा हिशेब करतो, पण वर्षात अठ्ठावीस दिवस तेरा वेळा बसतात. म्हणजे तेराव्या रिचार्जचे पैसे हिशेबाबाहेरच राहतात. दोन योजनांची तुलना नेहमी वर्षाच्या आकड्यावर करावी. ट्रायच्या २०२२ च्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला तीस दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येणारी अशी योजना ठेवावी लागते. ती मागून घ्यावी. ज्यांना इंटरनेट लागत नाही, नुसते फोन घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी फक्त बोलणे व एसएमएस यांचे रिचार्ज ठेवण्याचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला. काउंटरवर तो आपणहून कोणी सांगेल याची खात्री नाही. विचारले तर कळते.

तिसरी गोष्ट, घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा. एका फोनमध्ये दोन सिम बसतात, खर्च थोडाच वाढतो. पाटीवर घरचा नंबर रंगविला की रात्री अकराला फोन येतात, मुलीचा अभ्यास मोडतो, आणि बाईमाणसाला नको ते बोलणेही ऐकावे लागते. धंद्याचा नंबर रात्री नऊला बंद करता येतो. व्हॉट्सअॅपचे धंद्यासाठीचे वेगळे अॅप २०१८ साली आले, ते मोफत आहे. त्यावर डब्याचे दर, सुटीचा दिवस, कामाची वेळ लिहून ठेवता येते.

चौथी गोष्ट तारेच्या फोनची. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग असे काम असेल तर फायबरचे इंटरनेट घ्यावेच लागते आणि त्यासोबत टेलिफोनही मिळतो. पण एक ध्यानात ठेवावे. ठाण्याचा कोड ०२२ आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१. मोबाईलला हा सारा भाग मुंबईच्याच परवान्यात मोडतो, तारेच्या फोनला मात्र नाही. दुकान ठाण्याहून डोंबिवलीला हलविले तर तो नंबर बरोबर येत नाही. कंपनी बदलली तरी तारेचा नंबर नेता येत नाही, ती सोय फक्त मोबाईलला आहे. म्हणून भाड्याच्या गाळ्यात धंदा असेल तर पाटीवर मोबाईलच लिहावा.

मोबाईलची कंपनी मात्र नंबर न बदलता बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करावा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जावे. आधीच्या कंपनीकडे नव्वद दिवस पूर्ण झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे. त्यामुळे कंपनी निवडताना चूक झाली तर ती दुरुस्त होते. नंबर गमावण्याची चूक दुरुस्त होत नाही.

आणखी एक सावधगिरी. आपल्या वस्त्यांत भोळेपणाने आधारकार्ड देऊन दुसऱ्यासाठी सिम काढून देणारे पुष्कळ आहेत. त्या नंबरावरून फसवणूक झाली तर पोलीस प्रथम आपल्या दारात येतात. सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहता येते आणि नको असलेला नंबर कळविता येतो. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आई-वडिलांचे नंबर एकदा तपासून द्यावेत. ओटीपी कोणालाही सांगू नये. फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारच्याची आहे, असे झाल्यास लगेच कंपनीत चौकशी करावी. पैसे गेल्यास १९३० वर तत्काळ तक्रार करावी.

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या. उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि आय पाहून व्यय. आपले लोक उद्योगात कमी नाहीत. पहाटे चारला उठून कणीक मळणाऱ्या ताईला उद्योगशीलता कोणी शिकवावी? आपण कमी पडतो ते दुसऱ्या गोष्टीत, रक्षणात. कष्टाने जोडलेले गिऱ्हाईक, मिळविलेला विश्वास, दहा आकड्यांचा तो नंबर, हे सारे आपले धन आहे आणि ते राखण्याची शिस्त अंगी बाणवायला हवी.

ताईंनी आता स्वतःच्या आधारकार्डावर नंबर घेतला आहे. पाटी पुन्हा रंगविली. दोन वह्या केल्या आहेत. एकीत हिशेब, दुसरीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर, हाताने लिहिलेला. फोन हरवला तरी वही घरात आहे. परवा भेटल्या तेव्हा डबे एकतीस झाले होते. आम्ही पाटी पाहिली. नंबराच्या वर ताईंनी स्वतःचे नाव लिहिले आहे, पूर्ण नाव. पुढे पी.पी. नाही.

जयभीम!