ट्राउटचा डौल आणि खुदरीचें माहेर

आमच्या सुशिक्षित हौशी मंडळींत सध्यां एका शौकाची मोठी वाखाणणी होत आहे. काश्मीरांत किंवा कुलूस जावें, गुडघाभर थंडगार पाण्यांत उभें राहावें, पिसांची खोटी माशी प्रवाहावर अलगद टाकावी आणि ट्राउट मासा गळास लावावा, यांत रसिकतेची परमावधि मानली जाते. या खेळाचा आम्हांस तिटकारा नाहीं. त्यांत प्रवाहाची चाल ओळखावी लागते, पाण्यावर कोणता किडा उडत आहे हें पाहावें लागतें, आणि धरलेला मासा पुष्कळदां परत सोडून दिला जातो. आमचा वाद निराळा आहे. परत आल्यावर ही मंडळी सुस्कारा टाकून म्हणतात, "आमच्या देशावर असा मासा नाहीं, अशी नदी नाहीं!" यांतील मासा नसल्याचें विधान साफ खोटें आहे, आणि नदीविषयींचें जें आज खरें ठरलें आहे, तें आपणच खरें केलें आहे.

प्रथम ट्राउटचें पाहूं. ज्याला हिमालयाचें रानटी लेंकरूं म्हणून गौरवितात, तो मूळचा तेथला नव्हेच. विलायतेच्या ओढ्यांची आठवण काढून हळहळणाऱ्या इंग्रजांनीं १९०० च्या सुमारास त्याचीं अंडीं बोटीनें आणून काश्मीरच्या पाण्यांत वाढविलीं. निलगिरीवरही विसाव्या शतकाच्या आरंभीं असाच उद्योग झाला. साहेब गेला, त्याची हळहळ मात्र आपण वारशानें घेऊन बसलों आहोंत.

परंतु त्याच इंग्रजांत डोळे उघडे ठेवून हिंडणाराही एक होता. दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल सायक्सनें येथल्या माशांचाही अभ्यास केला, आणि १८३९ सालीं एका माशाचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. हा मासा पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेला. पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा म्हणजे मांजरी, लोणी काळभोर, थेऊर यांच्या शिवारांलगतचाच प्रवाह! सायक्सनें त्याला लोकांच्या तोंडचेंच नांव दिलें: खुदरी. दख्खनचा महसीर तो हाच, आणि जगांतील शास्त्रज्ञ आजही त्याला 'टॉर खुदरी' म्हणून ओळखतात. महसीर हा झुंजार मासा. तो पिसांची माशीही घेतो. १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिणाऱ्या थॉमस साहेबानें त्याला विलायतेच्या सामन माशाच्याही वर बसविलें. ज्याच्यासाठीं साहेब आपल्या घरचा मासा विसरला, त्यालाच आम्ही विसरावें, याला काय म्हणावें?

आज लोणीच्या काठावर उभे राहा. काळें पाणी, नाक धरावयास लावणारी दुर्गंधी, आणि उन्हाळ्यांत पात्र झांकून टाकणारी जलपर्णी! खुदरीला वाहतें, प्राणवायुयुक्त पाणी हवें. पावसाळ्यांत वर चढून गोट्यांच्या तळावर अंडीं घालावयास मोकळी वाट हवी. वाट धरणांनीं अडविली. खडकवासल्याचा बांध १८७९ सालचा आहे. आणि पाणी कोणीं नासलें? पुणेकरांनीं; म्हणजे तुम्हीं आम्हीं. आपल्या मोरीचें पाणी दाराबाहेर गेलें की आपण हात झटकून मोकळे होतों. तें लोणीच्या शेतकऱ्याच्या दारीं जातें, हें आपल्या गांवींही नसतें.

कोणी म्हणेल, लोणावळ्यास वळवणच्या केंद्रांत महसीरचीं पिलें तयार होतात, तीं आणून सोडावीं. त्या केंद्राचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. पण हीच खुदरी परमुलखांत, कावेरींत सोडली गेली, आणि तेथला मूळचा उंच पाठीचा महसीर मागें हटला, असें अभ्यासकांचें मत आहे. मासा सोडणें सोपें. त्याला शोभेसें पाणी राखणें कठीण. शिवाय गटारांत पिलें सोडणें म्हणजे ओसाड घरांत पाळणा टांगणें होय.

दुसरा आक्षेप असा, की शहर वाढलें की नदीनें मरावयाचेंच. मग २०१६ सालीं मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठीं सुमारें ९९० कोटि रुपयांची योजना मंजूर झाली, ती काय नदीच्या तेराव्याची तयारी होती? महाडकडे काळ नदीच्या वाळणकोंडींत खेडुतांनीं देवीचे मासे म्हणून महसीर पिढ्यान् पिढ्या राखले. त्यांच्यापाशीं कोटि नव्हते, मर्यादा होती. आमच्यापाशीं कोटि आहेत, आणि काठाच्या सुशोभनाचीं चित्रें आहेत. काठ शृंगारून पाणी शुद्ध होत नाहीं.

म्हणून आमचें मागणें एकच आहे. नदी सुधारली किंवा नाहीं, हें पुण्याच्या घाटांवरील दिव्यांवरून ठरवूं नये. शहराचें सगळें पाणी पोटांत घेऊन ती जेथें पोंचते, त्या लोणी काळभोरला जाऊन ठरवावें. तेथें खुदरी जगूं लागेल, त्या दिवशीं नदी शुद्ध झाली असें आम्ही मानूं. तोंपर्यंत ज्यांना काश्मीरला जावयाचें असेल त्यांनीं खुशाल जावें. मात्र परत येऊन देशाला नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या मोरीचें पाणी कोठें जातें, एवढें पाहून यावें.