मिठात आयोडीन आहे, शरीरात किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या सुमारे 94 टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ आढळले. त्याच सुमारास, 2018-19 मध्ये झालेल्या भारत आयोडीन सर्वेक्षणात पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी घरे जेमतेम 76 टक्के भरली. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्या पाहणीत मिठावर द्रावणाचा थेंब टाकतात. मीठ निळे पडले की आयोडीन आहे अशी नोंद होते, मग ते नावापुरते असले तरी. दुसऱ्या पाहणीने प्रमाण मोजले. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दहा लाख भागांमागे किमान 15 भाग आयोडीन असावे, असा आपला निकष आहे.

पण पुरेसे आयोडीन असलेले मीठ घरात आले, म्हणजे ते अंगी लागले असे होत नाही. उघड्या बरणीत, दमट हवेत आयोडीन घटते. रक्तदाबामुळे कुणी मीठ कमी करतो, कुणी आरोग्यासाठी म्हणून सैंधव वापरू लागतो. सैंधवात वेगळे आयोडीन मिसळलेले नसेल, तर त्यातून मिळणारे आयोडीन नगण्यच. शरीरात किती पोचले, याचा हिशेब लघवीत सापडतो, कारण खाल्लेल्या आयोडीनपैकी 90 टक्क्यांहून अधिक लघवीवाटेच बाहेर पडते.

ते मोजण्याची मूळ पद्धत 1930च्या दशकातली, सँडेल आणि कोल्टहॉफ या रसायनशास्त्रज्ञांची. सेरिक क्षाराचे पिवळे द्रावण आर्सेनियस आम्लाबरोबर ठेवले की हळूहळू रंगहीन होते. नमुन्यात आयोडीन जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो.

मात्र ही चाचणी समाजाची आहे. काल काय खाल्ले, पाणी किती प्यायले यावर एका माणसाचा आकडा रोज खालीवर होतो. त्याच्याबद्दल काही ठाम म्हणायचे तर दहाएक नमुने तरी लागतात. म्हणून एकदाच लघवी तपासून कुणाला ‘आयोडीन कमी’ असे सांगणे चूक आहे. शेकडो नमुने चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा, म्हणजे मध्यक, पाहायचा असतो. शाळकरी मुलांमध्ये तो लिटरमागे 100 ते 199 मायक्रोग्रॅम असेल तर ठीक. गर्भवतींसाठी मात्र 150 ते 249 हवा.

खरी ग्यानबाची मेख या फरकात आहे. मध्यक 120 आला तर मुलांच्या बाबतीत निश्चिंत राहता येते. तोच आकडा गर्भवतींचा असेल तर ती कमतरता ठरते. गर्भाच्या मेंदूची जडणघडण सुरुवातीचे काही महिने आईच्याच, आयोडीनपासून बनणाऱ्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे हजार गर्भवतींचे जपून ठेवलेले लघवीचे नमुने पुढे तपासले गेले. ज्या आयांमध्ये आयोडीन कमी होते, त्यांच्या मुलांचा आठव्या वर्षीचा शाब्दिक बुद्ध्यांक आणि नवव्या वर्षीची वाचनक्षमता इतरांपेक्षा कमी भरली. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर सधन, दुधातून आयोडीन मिळवणाऱ्या या देशाने आयोडीनचा प्रश्न कधीच मिटला असे धरले होते.

आपल्याकडे कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्यात साधे मीठ पुरवले. पहिल्या दोन भागांत आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड लक्षणीय घटला, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गलगंड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. सौम्य कमतरता मात्र गळ्यावर दिसेलच असे नाही, तिचे नुकसान वर्गात मागे पडणाऱ्या मुलाच्या रूपाने पुढे येते. तरीही जिल्हा पाहण्यांचा भर आजही 6 ते 12 वर्षांच्या मुलांच्या गलगंडावर आहे.

भारत आयोडीन सर्वेक्षणात गर्भवतींचा देशपातळीवरचा मध्यक पुरेशा पट्ट्यात आला, ही चांगली बातमी. पण देशाचा आकडा एखाद्या तालुक्याची उणीव झाकू शकतो. गर्भवतीची लघवी प्रथिने आणि साखरेसाठी आरोग्य केंद्रात तपासली जातेच. आयोडीनसाठी त्यातला मिलिलिटरभरही पुरतो. दर काही वर्षांनी प्रत्येक जिल्ह्यातल्या निवडक केंद्रांतून असे नमुने राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवावेत आणि गर्भवतींचा मध्यक जिल्हावार, मुलांच्या आकड्यात न मिसळता, जाहीर करावा. महाराष्ट्राने याची सुरुवात आदिवासी तालुक्यांपासून करावी.