सर निवृत्त झाले, जागाही निवृत्त झाली



अमेरिकेत कॉलेजचं बास्केटबॉल हा मोठा धंदा आहे. स्टेडियम भरतात, टीव्हीचे करार होतात आणि संघाचा मुख्य प्रशिक्षक त्या विद्यापीठातल्या सर्वाधिक पगार घेणाऱ्या मोजक्या लोकांत असतो. गेल्या काही वर्षांत तिथले मोठे मोठे प्रशिक्षक एकामागून एक निवृत्त झाले. नॉर्थ कॅरोलायनाचे रॉय विल्यम्स २०२१ मध्ये गेले. ड्यूक विद्यापीठात ४२ हंगाम काढलेले माईक शशेव्स्की २०२२ मध्ये गेले, त्याच वर्षी व्हिलानोव्हाचे जे राईट गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, व्हर्जिनियाच्या टोनी बेनेट यांनी वयाच्या ५५ व्या वर्षी काम सोडलं. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील. पण बेनेट यांनी उघड सांगितलं की आजच्या वातावरणात हे काम करायला आपण योग्य माणूस नाही.

"खेळ बदलला" असं तिथं सगळे हळहळून म्हणतात. आपण आंबेडकरी माणसं. "काळ बदलला" असं कुणी म्हटलं की आपण आधी विचारतो, कुणासाठी बदलला? कुणाचं गेलं आणि कुणाला मिळालं?

तर बदललं ते असं. या खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळायची, पण त्यांच्या खेळावर जो पैसा उभा राहायचा त्यातला वाटा मिळायचा नाही. १९५० च्या दशकात तिथल्या राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेने "विद्यार्थी-खेळाडू" हा शब्द घडवला. हेतू असा की मैदानात जखमी झालेला किंवा मेलेला मुलगा कामगार ठरू नये आणि नुकसानभरपाई द्यावी लागू नये. वरच्या श्रेणीच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय, तर बहुतेक मुख्य प्रशिक्षक गोरे. घाम एकाचा, करार दुसऱ्याचा. २१ जून २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० मतांनी या संघटनेच्या विरोधात निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेता येऊ लागले. पुढे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाण्यावरची बंधनं सैल झाली. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरच्या मर्यादेत.

म्हणजे "खेळ बदलला" या वाक्यातला मोठा भाग असा आहे की खेळणाऱ्याच्या श्रमाला किंमत आली आणि त्याला नाही म्हणण्याचा हक्क मिळाला. त्याबद्दल आपण रडायचं कारण नाही. मात्र टाळ्या वाजवतानाही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. हा पैसा बहुतांशी फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच वळतो, अशी तिथल्या महिला खेळाडूंची तक्रार आहे. बाजार आला म्हणजे समता आली असं होत नाही.

आता आपल्याकडे या. मी रोहिणखेड आणि मोताळा तालुक्यातल्या गावांत काम करते. आपल्याकडेही अनुभवी प्रशिक्षक निवृत्त होत आहेत. त्यांची बातमी होत नाही, कारण आपल्याकडे प्रशिक्षक म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर आणि कॉलेजातले शारीरिक शिक्षण संचालक. शाळेचा शिक्षक ५८ व्या वर्षी जातो. शाल, श्रीफळ, निरोप समारंभ, चार भाषणं. दुसऱ्या दिवशी क्रीडा साहित्याच्या खोलीला कुलूप लागतं आणि किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात जाते.

अमेरिकेत प्रशिक्षक गेला की आठवड्याभरात दुसरा येतो. आपल्याकडे सर निवृत्त होतात तेव्हा त्यांच्यासोबत जागाही निवृत्त होते. आपला खरा प्रश्न हा आहे.

कागदावर काय आहे ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य हवं असं लिहिलं आहे. पण सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाचा माणूस कोणता? तर पट शंभरच्या वर असेल तिथे "अर्धवेळ निदेशक". ज्या गावात पटच साठ-सत्तर आहे तिथल्या पोरांना तोही नाही. कॉलेजांचं पाहा. भरती वर्षानुवर्षं अडवून ठेवल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने अनुदानित महाविद्यालयांतल्या ४७३८ जागा भरायला मान्यता दिली. त्यात सहाय्यक प्राध्यापक ३५८०, आणि शारीरिक शिक्षण संचालक किती? १३९. अख्ख्या महाराष्ट्रासाठी. तरी जिमखान्याची फी पावतीवर असतेच. मैदानावर माणूस नाही, पण पावतीवर खेळ चालू आहे.

कुणी म्हणेल, "ताई, पोरांना नोकरी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि तुम्ही खेळाचं काय घेऊन बसलात?" मी उलट विचारते, नोकरीचा प्रश्न खेळापासून वेगळा कधीपासून झाला?

आपल्या गावातली पोरं-पोरी पहाटे रस्त्यावर का पळतात? पोलीस भरतीसाठी. त्या भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा कसा धरायचा, शेवटच्या फेरीसाठी दम कसा राखायचा, हे शिकवणारा माणूस शाळेत असेल तर फुकट मिळतो. नसेल तर शहरातल्या अकॅडमीत फी भरून मिळतो. दुसरी गोष्ट, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, प्रत्येक प्रवर्गात खेळाडूंचा हिस्सा आहे. तो मिळवायला प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राला स्पर्धा लागते. स्पर्धेला शाळेचा संघ लागतो, वेळेत भरलेली प्रवेशिका लागते, तालुक्यावरून जिल्ह्यावर आणि जिल्ह्यावरून विभागावर पोरं घेऊन जाणारा माणूस लागतो. पी.टी.चे सर हे करायचे. ते गेले, जागा भरली नाही, तर आपल्या पोरांसाठी ते ५ टक्के राजपत्रात राहतात आणि शिडीची पहिली पायरीच निघालेली असते. आरक्षणावर उघड हल्ला झाला की आपण रस्त्यावर उतरतो. हा हल्ला निरोप समारंभातून होतो, म्हणून दिसत नाही.

मुलींचं तर आणखी अवघड. गावात पोरगी मैदानावर उतरते ती शाळेच्या आडोशाने. "शाळेची स्पर्धा आहे, सर सोबत आहेत, मॅडम सोबत आहेत" एवढं एक वाक्य आईला घरात सांगता आलं की परवानगी मिळते. ते वाक्य गेलं की पोरगी घरी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपण स्टेटसला फोटो ठेवले. आपल्या शाळेत खो-खोचे खांब उभे आहेत का, हे किती जणांनी जाऊन पाहिलं?

आता खेळ बदलला तो आपल्याकडेही बदललाच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सगळ्यात महागडा खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांचा. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. मातीवरची कबड्डी मॅटवर गेली, पायात बूट आले, व्हिडिओ पाहून चढाया अभ्यासल्या जाऊ लागल्या. यावर जुने लोक म्हणतात, मातीचा खेळ राहिला नाही. मातीचं हे कौतुक मला पटत नाही. मातीत गुडघे फुटायचे ते गरिबाच्या पोराचेच, आणि कबड्डी खेळून घर चालवायचं स्वप्नही कुणाला पडत नव्हतं. पैसा आला हे चांगलंच झालं. पण मॅट आहे शहरात, आपल्या पोराच्या शाळेत अजून मातीच आहे आणि ती माती शिंपणारे सरही आता नाहीत. मातीवर शिकलेला पोरगा निवड चाचणीला पहिल्यांदा मॅटवर उभा राहतो आणि घसरतो. मग निवड समिती म्हणते, गुणवत्ता नाही. हा "गुणवत्ता नाही" शब्द आपल्या चांगलाच ओळखीचा आहे.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "गेले तर जाऊ द्या. या सरांनी आपल्या पोरांना कधी जवळ केलं?" हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. प्रशिक्षकांना देण्याच्या राष्ट्रीय पुरस्कारालाच १९८५ पासून द्रोणाचार्यांचं नाव आहे. एकलव्याचा अंगठा मागणारा गुरू या देशाला आदर्श वाटतो, तिथं संघ निवडताना आडनाव पाहिलं जात नसेल असं मी म्हणणार नाही. पळवणकर बाळूंचा इतिहास आठवा. चांभार कुटुंबात जन्मलेल्या या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हेही खरं. तरी त्यांच्यावर मैदानात झालेला अन्याय त्यामुळे खोटा ठरत नाही.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? माणूस वाईट होता म्हणून जागाच नको? तहसीलदार जातीयवादी निघाला म्हणून आपण तहसील कार्यालय बंद करा म्हणत नाही, तिथं आपला माणूस बसवा म्हणतो. प्रशिक्षकाची खुर्ची ही सत्तेची खुर्ची आहे. कोण खेळेल, कोण बाकावर बसेल, कुणाचं नाव पुढे जाईल, हे तिथून ठरतं. अमेरिकेत जॉन थॉम्प्सन नावाचे कृष्णवर्णीय प्रशिक्षक होऊन गेले, जॉर्जटाऊन विद्यापीठाचे. जानेवारी १९८९ मध्ये ते सामना सुरू होण्याआधी मैदान सोडून निघून गेले. कारण ठरावीक गुण नसलेल्या नवख्या खेळाडूंची शिष्यवृत्ती काढून घेणारा नियम आला होता, आणि त्याचा मार कृष्णवर्णीय गरीब मुलांवर बसणार होता. त्यांच्या निषेधाने देशभर चर्चा पेटली आणि संघटनेला नियम सौम्य करावा लागला. खुर्चीवर कोण बसलं आहे याने फरक पडतो तो असा.

आणि म्हणूनच जागा कायम हवी. कायम जागा असेल तर जाहिरात निघते, बिंदुनामावली लागते, आपला बी.पी.एड., एम.पी.एड. झालेला मुलगा किंवा मुलगी हक्काने अर्ज करते. तासिका तत्त्वावरच्या माणसाला ना स्थैर्य, ना पेन्शन, ना संस्थाचालकासमोर बोलायची ताकद. असा माणूस कुणासाठी मैदान सोडून जाईल?

तेव्हा कामं सांगते. आपल्या शाळेत आणि कॉलेजात शारीरिक शिक्षणाचं पद मंजूर आहे का, रिकामं कधीपासून आहे, जिमखाना फीचा खर्च कुठे झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. शाळेसाठी जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी, कॉलेजसाठी अमरावतीचे उच्च शिक्षण सहसंचालक, अशा लेखी मागण्या द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत शाळेच्या मैदानाचा ठराव मांडा. १४ एप्रिलच्या वर्गणीतून एक दिवसाचा डीजे कमी करून गोळे, दोऱ्या, खो-खोचे खांब घ्या.

निवृत्त सरांनाही बोलवा. ज्यांनी प्रामाणिकपणे पोरं घडवली त्यांच्याकडचं ज्ञान घरात बसून राहू नये. संध्याकाळी विहाराच्या पटांगणात तासभर शिकवा म्हणा, बरेच जण आनंदाने येतील. पण त्यांच्या सेवाभावावर शासनाला सुटू देऊ नका. सरांची सेवा ही सरांची चांगुलपणाची गोष्ट आहे. मैदानावर पगारी, पात्र, कायम प्रशिक्षक असणं हा आपल्या लेकरांचा हक्क आहे. चांगुलपणाचे आभार मानायचे असतात, हक्क मागून आणि भांडून घ्यायचा असतो.

पुढच्या वेळी तुमच्या शाळेत पी.टी.च्या सरांचा निरोप समारंभ होईल तेव्हा हार घेऊन जरूर जा. सोबत एक अर्जही घेऊन जा. भाषणं संपली की उभं राहून एवढंच विचारा: या जागेची जाहिरात कधी निघणार?

जय भीम!