चौथी सीट आणि उलटा प्रवास

पनवेलकर नशीबवान, असं लोक म्हणतात. का, तर त्याची लोकल पनवेललाच सुरू होते. १९९८ साली हार्बर लाईन इथवर आली तेव्हा असेलही तसं. आता सकाळी गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या आधीच गेलेल्या असतात. मानसरोवर-खांदेश्वरची मंडळी उलटी येऊन, न उतरता, डोळे मिटून बसलेली! त्यातले हुशार लोक पासही पनवेलपासूनचा काढतात. म्हणजे टीसीचीही चिंता मिटली.

पनवेलकर चिडतो. "सरळसरळ अन्याय आहे हो हा!" उभ्याउभ्या नीतिशास्त्रावर व्याख्यान सुरू. हाच गृहस्थ संध्याकाळी मशीद बंदरला ऑफिसातून सुटला की आधी सीएसएमटीकडे जाणारी गाडी पकडतो. खिडकी मिळते, डोळे मिटतात. सकाळी ज्याला अन्याय म्हणतात, त्याला संध्याकाळी अनुभव म्हणतात.

तर माणूस मुळातच स्वार्थी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण चौथी सीट आडवी येते. तिघांच्या बाकापाशी येऊन चौथ्याने "जरा सरकता का?" म्हटलं की तिघेही कुरकुरत का होईना, सरकतात. ना दंडाची भीती, ना कुणाची सक्ती.

मग एकच माणूस इथे उदार आणि तिथे आप्पलपोटा कसा? मला वाटतं, फरक चेहऱ्याचा आहे. चौथी सीट मागणारा घामाघूम होऊन समोर उभा असतो. उलट्या प्रवासात ज्याची जागा गेली, तो अजून फलाटावर असतो. त्याला चेहरा नसतो, तो नुसती गर्दी असतो.

आमच्या धंद्यात तर सगळेच फलाटावरचे! 'विमा हवा' या चौकटीत आधीच टिक करून ठेवणारा इंजिनिअर एरवी शेजाऱ्याचं कुरिअर सांभाळून ठेवणारा भला माणूस असतो. तोंडावर तो कुणाचे दहा रुपये लाटणार नाही. शेवटी २०२३ मध्ये सरकारला अशा 'डार्क पॅटर्न'चे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई करावी लागली.

असो. स्क्रीनपलीकडचा माणूस काही "सरकता का?" म्हणायला येणार नाही. तेव्हा सोमवारी ती टिक तेवढी आपणहून काढून टाका. मशीद बंदरच्या उलट्या गाडीचं मात्र कुठल्याही पनवेलकराला विचारू नका. संध्याकाळी पाय फार दुखतात हो!